चष्मेवाल्याचा चिमटा

“पितळ आहे म्हणतोय ना मी?” अण्णांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि या खेपेला त्यांचा आवाज जरा चढला.

“तुम्ही म्हणताय म्हणून ते पितळ होत नाही,” सून म्हणाली. “हातात घेऊन बघा. एवढं हलकं पितळ मी तरी पाहिलेलं नाही.”

“स्क्रू काढून ठेवलेत त्याचे. म्हणून हलकं लागतंय.”

“दोन स्क्रूंचं वजन असं किती असणार, अण्णा?”

आतून अण्णांच्या बायकोनं विचारलं की त्या एवढ्याशा चिमट्यापायी सकाळपासून दोनदा चहा गार झालाय, तिसऱ्यांदा टाकायचा की नाही तेवढं दोघांनी मिळून ठरवावं. कुणीच उत्तर दिलं नाही. या घरात उत्तर आलं नाही म्हणजे होकार, हे इतक्या वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिनं आधण ठेवलं.

चिमटा म्हणजे चष्मेवाल्याच्या काचा घासायच्या यंत्रातला, काच धरून ठेवणारा. बोटभर लांबीचा, मळकट चंदेरी रंगाचा, एका जबड्यापाशी मोडलेला. यंत्र चष्मेवाल्याच्या वडिलांच्या काळातलं. त्याचे सुटे भाग मिळायचे बंद होऊनही जमाना लोटला होता. चष्मेवाल्यानं आधी स्वतःच दोनदा डिंक लावून तो चिकटवून पाहिला होता आणि मग चिमटा, डिंक आणि अपराधी चेहरा असं सगळं एकदम घेऊन अण्णांकडे आला होता. त्या डिंकामुळेच सगळा घोळ झाला. मोडलेल्या तोंडावर काळाकुट्ट थर बसला होता, आतला धातू दिसतच नव्हता.

अशा वेळी काय करायचं ते अण्णांनी ठरवून टाकलेलं होतं. वस्तूचा कुणाच्या नजरेला न पडणारा कोपरा शोधायचा, बारीक कानशीनं तिथे एकदा, फक्त एकदा खरवडायचं, आणि भिंग लावून पाहायचं. पिवळं दिसलं तर पितळ. त्याला ज्योत लावता येते, पक्का डाग देऊन सांधता येतं. निळसर राखाडी दिसलं तर ओतीव जस्त. त्याला ज्योत दाखवायचीसुद्धा नाही. बारीक भोक पाडायचं, पोलादाची खीळ बसवायची आणि सांधा जोडायचा. आज त्यांनी चिमट्याच्या कानाशी, जिथे स्क्रू बसतो तिथे, आतल्या बाजूनं खरवडलं होतं. लख्ख पिवळं दिसलं होतं. ते त्यांनी सुनेला भिंगातून दाखवलंही होतं.

“दुसऱ्या टोकाला एकदा खरवडून बघू या,” ती म्हणाली. “माझ्या समाधानासाठी.”

“तुझ्या समाधानासाठी गिऱ्हाइकाची वस्तू किती ठिकाणी ओरबाडायची? एकदा म्हणजे एकदा. हे मीच शिकवलंय ना तुला?”

शिकवलं होतं खरं. तिनं हातातला चिमटा टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि आत चहा आणायला गेली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, “मी खीळच बसवली असती.”

अण्णांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. या वयात त्यांना तेवढी सोय होती.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडच्या खिडकीजवळ अण्णांची खुर्ची, पुढे लाकडी फळीचं काउंटर. मधे जाड पडदा, आणि पडद्यामागे कामाचं टेबल, त्याला बसवलेला, वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, वर लोंबकळता दिवा. भिंतीला खोक्यांची रांग. पिशव्यांच्या कड्या, नळांच्या मुठी, खेळण्यातल्या मोटारींची चाकं, छत्र्यांचे खटके, कपाटांची हँडलं, मिक्सरच्या खालचे दातेरी तुकडे. या गोष्टींना जगात कुणीच वाली नाही. मोडल्या की लोक आख्खी वस्तू फेकतात. ज्यांना फेकवत नाही ते अण्णांकडे येतात.

ओतीव जस्ताला अण्णा बिस्कीट म्हणत. स्वस्त मिळतो, लवकर वितळतो, साच्यात ओतला की हवा तो आकार घेतो आणि वरून चकाकी चढवली की नवऱ्या मुलासारखा दिसतो. पण वाकणं त्याला माहीतच नाही. जोर आला की कडकन मोडतो, आणि मोडलेल्या तोंडाशी पाहिलं तर आत राखाडी साखर भरल्यासारखा दाणेदार. बाकीचे कारागीर त्याला हात लावत नसत. वेळ जातो, नाव होत नाही आणि कधी दगा देईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी तरुणपणी एका कारखान्यात आठ वर्षं हेच बिस्कीट ओतलं होतं. कारखाना बंद पडल्यावर ते घरी आले आणि स्वतः ओतलेल्या वस्तू जोडत बसले. बायको तेव्हा म्हणायची की आधी आठ वर्षं तुम्ही लोकांच्या घरात मोडक्या वस्तू भरल्यात, आता उरलेलं आयुष्य त्या निस्तरा.

सून या कामात आली ती स्वतःच्या पर्सच्या कडीपायी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कडी मोडली, आणि अण्णांनी आज करतो, उद्या करतो असं म्हणत ती महिनाभर खोक्यात ठेवली. एक दिवस ते दुपारी झोपलेले असताना तिनं स्वतःच ड्रिल फिरवून खीळ ठोकली. अण्णांनी उठल्यावर कडी पाहिली, उलटसुलट केली, आणि काही न बोलता तिच्यापुढे नळाची एक मूठ ठेवली. ती जमल्यावर दुसरी ठेवली. अशी बारा वर्षं गेली. आता अर्ध्या मिलिमीटरचं भोक तिच्याइतकं सरळ पाडणारं अण्णांनी आपल्या आयुष्यात दुसरं कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यात ते स्वतःही आले. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला काय हरकत होती, असं विचारलं असतं तर त्यांना उत्तर सापडलं नसतं.

बाजाराला मात्र ती पडद्यामागे असते एवढंच ठाऊक होतं. सासऱ्यांना कानस-पक्कड हातात देत असेल, असा सगळ्यांचा समज.

चहा घेऊन ती आली तेव्हा अण्णांनी चिमटा विटेवर ठेवून गॅसची बत्ती पेटवली होती. मोडलेली दोन्ही तोंडं एकमेकांना भिडवलेली, वर सांधा धरावा म्हणून नवसागर लावलेला. ती कप हातात धरून उभी राहिली. आता बोलण्यात अर्थ नव्हता.

लोखंड तापतं तेव्हा आधी लाल होतं, माणसाला वेळ देतं. बिस्कीट तसलं काही करत नाही. रंग बदलत नाही, हलत नाही, उभं असतं तसंच उभं राहतं. आणि मग दमलेला माणूस पायरीवर बसावा तसं एकदम बसकण मारतं. डिंकाचा थर जळून धूर निघाला. अण्णांनी ज्योत थोडी जवळ नेली आणि चिमटा विटेवर बसला. जिथे जबडा होता तिथे चकचकीत, राखाडी, बशीभर दुधाच्या सायीसारखं काहीतरी पसरलं.

अण्णांनी बत्ती विझवली.

त्या राखाडी थारोळ्याच्या एका कडेला वाटाण्याएवढा पिवळा तुकडा मात्र जसाच्या तसा उभा होता. सुनेनं कप खाली ठेवला, तुकडा पकडीत धरून उचलला आणि दिव्याखाली नेला. त्याच्या तळातून दोन बारीक पोलादी खिळा बाहेर आल्या होत्या. एकमेकींना समांतर नव्हत्या. एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे, म्हणजे कितीही ओढलं तरी तुकडा निसटू नये.

खिळा अशा तिरक्या बसवणारा माणूस गावात एकच होता.

“हे तुमचं काम आहे, अण्णा,” ती हळूच म्हणाली.

अण्णांनी भिंग लावलं. मग आठवलं. चष्मेवाल्याचे वडील दुकानात बसायचे तेव्हाची गोष्ट. चिमटा टेबलावरून पडला होता, कानाचा तुकडा उडून हरवला होता. अण्णांनी पितळेचा नवा कान घडवला, त्याला आधी कल्हई करून चंदेरी केला आणि मग खिळा घालून जस्ताला जोडला. सांधा इतका सफाईदार बसला की वर्षानुवर्षांच्या मळाखाली तो कुणालाही ओळखता आला नसता. आणि आज सगळ्या चिमट्यातला नेमका तोच कोपरा त्यांनी खरवडायला निवडला होता, कारण तीस वर्षांपूर्वीही न दिसणारा कोपरा तोच होता.

“केवढं सुंदर बसवलंय,” ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

चष्मेवाला संध्याकाळी आला. गोरा, गुबगुबीत, चालता-बोलता रेडिओ. त्याच्या खुर्चीत बसून अक्षरं वाचता वाचता अर्ध्या बाजाराला उरलेल्या अर्ध्या बाजाराची खबर मिळायची. झालं का काम, असं विचारत तो काउंटरला रेलला. अण्णांनी घसा साफ केला. काय सांगायचं ते त्यांनी दुपारभर मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातला पहिला शब्द ते शोधत होते.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून सून पुढे आली.

“चिमटा वितळला,” ती म्हणाली. “माझ्या हातून झालं. मी जस्ताला ज्योत लावली. चार दिवसांत तुम्हाला नवा करून देऊ, पितळेचा.”

अण्णांचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मग मिटलं.

चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. त्याला आधी धक्का बसला, मग तो सावरला आणि समजूतदारपणे म्हणाला, “होतं असं, वहिनी. पण अण्णा घरात असताना तुम्ही कशाला हात लावलात?”

ती खाली मान घालून उभी राहिली. अण्णा आपला चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या नाकावरच होता.

तो गेल्यावर अण्णा तिला म्हणाले की असं करायची काही गरज नव्हती. ती म्हणाली, तुमचं नाव आहे बाजारात, माझं कुठे आहे? माझं काय बिघडणार? आणि ती पातेलं घासावं तितक्या सहजपणे वीट खरवडायला बसली. आता अण्णांनी उद्या चष्मेवाल्याकडे जाऊन खरं काय ते सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते. तिसऱ्या दिवशी चष्मेवाला लग्नाला गेल्यानं त्याचं दुकान बंद होतं. चौथ्या दिवशी सुनेनं नवा चिमटा तयार केला. पितळेच्या पट्टीतून, नुसत्या कानशीनं, वितळलेल्या चिमट्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावरून मापं घेऊन. तो यंत्रात बसवून आल्यावर चष्मेवाला हरखून गेला. अण्णांचा हात तो अण्णांचाच, असं तो जाता जाता म्हणाला. अण्णा मूग गिळून बसले, आणि त्यानंतर सांगणं फारच अवघड होऊन बसलं.

रेडिओ मात्र चालू झाला होता. आधी एक बाई पर्सची कडी घेऊन आल्या आणि अण्णांनी स्वतः लक्ष घालावं अशी त्यांनी विनंती केली. मग छत्रीवाला आला आणि तेच म्हणाला. मग नळवाला, जो दर आठवड्याला पिशवीभर मुठी आणून टाकायचा आणि कधी काउंटरवर थांबायचाही नाही, तो या वेळी थांबला. इकडेतिकडे पाहत त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, “सूनबाईंना नका देऊ हं, अण्णा. राग मानू नका.”

पडदा दोन हातांवर होता. पलीकडे कानशीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अण्णांनी पिशवी घेतली. त्यांचे हात गेली दोन वर्षं थरथरत होते. ज्योत धरण्याइतके ते स्थिर राहायचे, पण बारीक भोक पाडताना ड्रिल नाचायला लागायचं. तेव्हा अण्णा पिशवी घेत, पडद्यामागे नेऊन ठेवत, सून मुठी जोडत असे, अण्णा त्या पुढे आणून देत, आणि लोक त्या निरखून पाहून मान डोलवत. पर्सवाल्या बाईंनी तर सुनेच्या देखतच कडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात काम. तुम्हीही शिकून घ्या सासऱ्यांकडून.” सुनेनं हसून मान हलवली. अण्णांनाही हसावं लागलं.

घरात या प्रकाराबद्दल अण्णांच्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे बाजाराला माहीत होतं तेवढंच त्यालाही माहीत होतं. सुनेनं नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं, माझ्या हातून वितळला. मुलगा वीज कंपनीत बिलाच्या खिडकीवर बसायचा. सरळमार्गी, घड्याळाच्या काट्यावर चालणारा, आणि बापाच्या धंद्याची त्याला कधीच फार पत्रास नव्हती. लोकांच्या मोडक्या कड्या जोडत बसणं म्हणजे त्याच्या लेखी वेळ घालवायचा छंद. पुढची खोली मोकळी झाली तर काय काय करता येईल याची यादी त्याच्या डोक्यात केव्हापासून तयार होती. चिमटा वितळल्यापासून तो जेवताना पुन्हा पुन्हा म्हणू लागला की अण्णांचं वय झालं, हिच्या हातून चुका व्हायला लागल्या, मग हे कशासाठी ओढायचं? ती वाढत असे. एका शब्दानं उत्तर देत नसे. अण्णा ताटाकडे बघत जेवत.

नवव्या दिवशी दुपारी सून नळवाल्याच्या मुठी पोहोचवायला गेली असताना अण्णांची बायको पडद्यामागे येऊन स्टुलावर बसली. ती सहसा कामाच्या खोलीत यायची नाही. लोखंडाच्या कणांनी पाय काळे होतात, अशी तिची तक्रार.

“साखर न घालता चहा ढवळत होतात सकाळी,” ती म्हणाली.

“लक्षात नाही आलं.”

“आणि प्यायलातही तसाच.” तिनं स्टूल पुढे ओढलं. “मी स्वयंपाकघरात होते त्या दिवशी. सगळं ऐकलंय मी. पितळ, खीळ, सगळं. तिनं त्या चष्मेवाल्याला काय सांगितलं तेही ऐकलं. त्या वेळी तुम्ही गप्प बसलात ते मी समजू शकते. माणूस गडबडतो. पण आज नववा दिवस आहे.”

अण्णा व्हाइसची मूठ उगाचच फिरवत राहिले. मग म्हणाले की आता सांगितलं तर लोक काय म्हणतील ते तिला कळत नाही. अण्णा संपले म्हणतील. दिसत नाही, कळत नाही, स्वतःचंच काम ओळखता आलं नाही म्हणतील. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी जाईल.

“जाऊ दे की,” बायको म्हणाली. “तुम्हाला त्या नावाचं आता करायचंय काय? त्र्याहत्तर वर्षांचे आहात. तिला त्याच नावावर अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीत, आणि ती तर एकेचाळिसाव्या वर्षी वितळवणारी बाई होऊन बसलीय. तुमच्या पोटच्या पोरीवर अशी वेळ आली असती तर गप्प राहिला असतात का तुम्ही?”

ती उठली, पायांचे तळवे पाहिले, नाक मुरडलं आणि आत गेली. तिला जास्त बोलायची सवय नव्हती. जेवढं बोलायची तेवढ्यानं तिचं भागायचं.

अण्णा टेबलाशी बसून राहिले. समोर सुनेनं अर्धवट ठेवलेलं काम होतं, कुणाच्या तरी टेबलघड्याळाचा मोडका पाय. खीळ बसवून झालेली, सांधा अजून घासायचा राहिलेला. त्यांनी भिंग लावून पाहिलं. एकच खीळ होती, सरळ. त्यांनी दोन तिरक्या घातल्या असत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की इथे दोन घालायला जागाच नव्हती, भिंत फुटली असती, आणि तिनं ते भोक पाडायच्या आधीच ओळखलं होतं. त्यांनी भिंग काढून ठेवलं. एवढा वेळ आपण दुसऱ्याच गोष्टीला घाबरत होतो, असं त्यांना वाटून गेलं. आपण संपलो असं लोक म्हणतील ही भीती नव्हतीच. हात आपला नाही, तिचा आहे, आणि हे गेली दोन वर्षं तसंच आहे, एवढंच बाहेर पडणार होतं.

दुसरा दिवस मुलाच्या सुट्टीचा. सकाळी अण्णा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडले तेव्हा बायकोनं कुठे जाताय विचारलं नाही. खिशात तो पिवळा तुकडा होता.

चष्मेवाल्याच्या दुकानात एक म्हातारा गिऱ्हाईक खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचत होता. अण्णांनी त्याचं वाचून होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण थांबलो तर परत फिरू हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दारातूनच सांगितलं की चिमटा सुनेनं नाही, मी वितळवला. म्हातारा तिसऱ्या ओळीवर अडखळला. चष्मेवाल्यानं हातातली काच खाली ठेवली, अण्णांना बसायला स्टूल दिलं आणि डोळ्यांत पाणी आल्यासारखा म्हणाला, “अण्णा, मन मोठं आहे तुमचं. सुनेला एवढं सांभाळून घेणारा सासरा मी पाहिला नाही.”

असं काही होईल हे अण्णांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. चष्मेवाल्यानं पुन्हा मान डोलवली, जास्तच प्रेमानं. खुर्चीतल्या म्हाताऱ्यानंही डोलवली. शेवटी अण्णांनी खिशातला तुकडा काढून काउंटरवर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तुझे वडील, टेबलावरून पडलेला चिमटा, उडालेला कान, पितळ, कल्हई, तिरक्या खिळा. मग दहा दिवसांपूर्वी तोच कोपरा खरवडणं, आणि सुनेनं तीनदा नको म्हणणं. तिला पहिल्यापासून जस्ताची शंका होती, ते म्हणाले. हा तुकडा बघून फसेल असा माणूस एकच होता, ज्यानं तो बसवला तोच.

चष्मेवाल्यानं तुकडा हातात घेतला, भिंगाखाली धरला. चिमटा पडल्याचं आपले वडील सांगायचे, हे त्यालाही आठवलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“म्हणजे तुम्ही तुमच्याच कामाला फसलात,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि मग नवा चिमटा?”

“तिनं केला. माझे हात चालत नाहीत आता. सगळं तीच करते. दोन वर्षं झाली.”

खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं की नळवाल्याच्या मुठीसुद्धा का. अण्णा हो म्हणाले. मग पर्सच्या कड्या? त्याही. म्हातारा खुर्चीत सावरून बसला. बहुधा त्याच्याही घरात काहीतरी जोडलेलं असावं. चष्मेवाला काही वेळ नव्या चिमट्याकडे पाहत राहिला, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. मग त्यानं कबूल केलं की आपण चार लोकांत भलतंच बोलून बसलोय. आता निस्तरतो, म्हणाला. अण्णांना त्याबद्दल काळजी नव्हती. संध्याकाळपर्यंत बाजाराला कळेल एवढी त्यांना खात्री होती.

घरी पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. सगळे पानावर बसले. सून वाढत होती. मुलगा आज खुशीत होता, पहिला घास घेतानाच त्यानं विषय काढला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाशी बोलणं झालंय. चांगला माणूस आहे. पुढची खोली त्याला पसंत आहे, एक तारखेपासून हवीय. अण्णांनाही आता आराम मिळेल, हिचीही सुटका होईल. उगाच चुका करून लोकांची बोलणी खायची, त्यापेक्षा बरं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती आमटीचा डाव भांड्यात धरून उभी होती. या वेळी ती वाढायचं विसरली.

अण्णांनी ताटाबाहेर हात काढून पाण्याचा घोट घेतला.

“चिमटा मी वितळवला होता,” ते म्हणाले. “ही नको म्हणत होती. चष्मेवाल्याला मी आत्ताच सांगून आलोय.”

मुलाचा घास हातातच राहिला. त्यानं आधी बापाकडे, मग आईकडे पाहिलं. आई शांतपणे जेवत होती. त्यानं बायकोला विचारलं की मग तू मला असं का सांगितलंस, आणि ती काही सांगायच्या आत अण्णा पुढे बोलले, आवाज न चढवता, मीठ मागावं तसे.

“पुढची खोली कुणालाही द्यायची नाही. त्या माणसाला उद्या नाही म्हणून सांग. उद्यापासून खिडकीजवळ ही बसेल. गिऱ्हाइकाशी हीच बोलेल, काम घ्यायचं की नाही ते हीच ठरवेल. मी पडद्यामागे बसेन आणि ही सांगेल ते करीन.”